नवख्या मायनरच्या हातून खनिज वाया जात नाही

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा बुटक्यांचा भूमिगत किल्ला उभारण्याचा संगणकावरचा खेळ नव्यानं खेळायला घेतला की कुणी ना कुणी हा सल्ला देतंच: लोखंड, सोनं, रत्नं यांना नवख्या मायनरला, म्हणजे खोदकाम करणाऱ्या बुटक्याला, हात लावू देऊ नका, निम्मा माल तो फोडून टाकतो. त्याला आधी साध्या दगडावर राबवा, लेजंडरी, म्हणजे अगदी कसलेला, झाला की मग खनिजाकडे पाठवा. याच सल्ल्याला आणखी काही गोष्टी चिकटलेल्या असतात. टिकाव उंची दिला तर खोदकाम भरभर होतं, मुरलेला मायनर पाणी आणि कोसळणाऱ्या छतापासून वाचवतो, एम्बार्कचे, म्हणजे किल्ला वसवायला निघताना कौशल्यांवर खर्चायला मिळणारे, पॉइंट सगळ्यात आधी मायनिंगवर घालावेत. यावर विश्वास ठेवून लोक समोर दिसणारी लोखंडाची शीर तशीच ठेवतात आणि गॉब्लिन चालून येतात तेव्हा सैनिकांच्या अंगावर चिलखत नसतं. हे थांबायला हवं.

पहिला आणि मुख्य दावा खनिज वाया जाण्याचा. तो कुणी हवेतून काढलेला नाही. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत मायनर जितका कच्चा, तितकी दगड किंवा खनिज हाती लागण्याची शक्यता कमी असायची. तेव्हा हा सल्ला योग्यच होता. पण तो नियम केव्हाच गेला. आता टाइल, म्हणजे नकाशातला एक चौकोन, खणल्यावर काही मिळणार की नाही, हे ती टाइल कशाची आहे यावरच ठरतं. थराच्या साध्या दगडासाठी ही शक्यता 25 टक्के आहे. खनिजाच्या लांब शिरा आणि मोठे पुंजके यांच्यासाठी 33 टक्के. छोट्या पुंजक्यांसाठी, ज्यांत बहुतेक रत्नं येतात, सरळ 100 टक्के. खोल पाताळातल्या दुर्मीळ धातूसाठी, म्हणजे अ‍ॅडमँटिनसाठीही 100. डीएफहॅक या खेळाला जोडायच्या साधनातली ‘डिग-नाऊ’ ही आज्ञा मायनरशिवायच खोदकाम उरकते, तिच्यात मुळात भरलेले आकडेही हेच आहेत: 25, 33, 100, 100. या हिशेबात कौशल्याला कुठेच जागा नाही.

मग इतक्या जणांना उलटा अनुभव का येतो? कारण सुरुवातीला तुमचा नवखा मायनर थराचा दगड खणत असतो आणि चारांतल्या तीन टाइल रिकाम्या जाताना तुम्ही डोळ्यांनी पाहता. पुढे तोच मायनर तरबेज होतो, एका ऋतूत कितीतरी जास्त टाइल उडवतो, आणि साहजिकच दगडांचा ढीगही मोठा दिसतो. प्रमाण तेच राहिलेलं असतं, वेग वाढलेला असतो. त्यात रत्नांचा पुंजका नेमका अशा वेळी सापडला की ‘बघा, एकही वाया गेलं नाही’ असं वाटणारच. ते एरवीही गेलं नसतं.

थांबून राहण्याची किंमत मात्र खरी आहे. 60 टाइलची लोखंडाची शीर धरा. तिच्यातून सरासरी 20 खडक मिळतील, प्रत्येक खडक वितळवला की लोखंडाच्या 4 कांड्या, म्हणजे सुमारे 80 कांड्या. पहिल्याच वर्षी अगदी अडाणी मायनरनं खणली तरी 80 च्या आसपास, पाच वर्षांनी लेजंडरी मायनरनं खणली तरी तितक्याच. वाट पाहून एक कांडीही वाढत नाही.

कौशल्यानं वाढतो तो खोदण्याचा वेग, आणि तो भरपूर वाढतो. एक टाइल खणली की 10 अनुभवगुण मिळतात. पहिल्या पायरीला 500 लागतात आणि पुढच्या प्रत्येक पायरीला आधीपेक्षा 100 जास्त. पंधरावी पायरी म्हणजे लेजंडरी, तिथवर पोहोचायला एकूण 18,000 गुण, अर्थात 1,800 टाइल. मातीच्या थरात खोदकाम दगडापेक्षा खूप लवकर होतं आणि गुण तेवढेच मिळतात. म्हणून मायनर तयार करायचे असतील तर गोदामं आणि शेतीच्या जागा मातीतच मोठ्या खणाव्यात. हा सल्ला जुना असला तरी आजही पक्का आहे.

टिकावाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तांब्याचा असो की पोलादाचा, ओबडधोबड असो की उत्कृष्ट कारागिरीचा, खोदण्याच्या वेगात काडीचाही फरक पडत नाही. टिकाव झिजतही नाही. पोलाद तलवारींसाठी ठेवा.

सुरक्षेचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यावर विसंबून अख्खे किल्ले बुडतात. ओला किंवा गरम दगड उघडा पडला की खेळ तुम्ही नकाशावर केलेली खोदकामाची खूण रद्द करून इशारा देतो. हा इशारा नवख्यालाही मिळतो, लेजंडरीलाही. तुम्ही पुन्हा खूण केलीत की दोघंही निमूट खणतात आणि पलीकडे नदी असेल तर पाणी सारखंच आत येतं. आधार तुटलेला भाग कोसळतो, तेव्हाही खाली किंवा वर कोण उभं आहे याची विचारपूस होत नाही. उलट कसलेला मायनर इतका झपाट्यानं पुढे सरकतो की चुकीची खूण पुसायला तुम्हाला वेळच मिळत नाही. सावधगिरी नकाशावर खुणा करणाऱ्यानं घ्यायची असते.

एम्बार्कच्या पॉइंटांचं गणितही एकदा मांडून बघा. निघताना एखादं कौशल्य जास्तीत जास्त पाचव्या पायरीपर्यंत विकत घेता येतं. तिथवरचे 3,500 गुण म्हणजे 350 टाइल. 11 बाय 11 च्या तीन खोल्यांत त्या भरतात आणि खोल्या तर तुम्हाला तशाही खणायच्याच असतात. पहिल्या हिवाळ्याआधी घाईनं जमिनीखाली शिरायचं असेल, वर धोकादायक प्राणी फिरत असतील, तर एक-दोन पायऱ्या घेतलेल्या चालतील. एरवी ते पॉइंट अशा कामांवर लावावेत जिथे कौशल्यानं वस्तूचा दर्जा बदलतो: चिलखत घडवणं, शस्त्रं घडवणं. वैद्यकीवर लावले तरी सार्थकी लागतात. खणलेल्या बोगद्याला दर्जा नसतो.

या सल्ल्यात एका गोष्टीचा मात्र कधीच उल्लेख नसतो. टिकाव हे शस्त्रही आहे आणि ते चालवताना खेळ मायनिंगचंच कौशल्य मोजतो. 1,800 टाइल खणलेला बुटका हातात टिकाव घेऊन उभा राहिला तर वार करण्यात तो लेजंडरीच असतो. बचावाची कौशल्यं वेगळी, चिलखतही वेगळं द्यावं लागतं, म्हणून त्याला उघड्या अंगानं पुढे ढकलू नका. लढाईत टिकावाचा धातू आणि कारागिरी दोन्ही मोजली जातात. तेव्हा पोलादाचा टिकाव घडवायचाच असेल तर तो या कामासाठी घडवा, आणि त्यासाठी लागणारं लोखंड आजच खणायला घ्या, हाताशी असेल त्या मायनरकडून.