टेरी फेलन, रेवडीवरची कुस्ती आणि आमचं मैदान

गेल्या रविवारी आमच्या मैदानावर बारा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल मॅच होती. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडून बचाव करणारा, दहा वर्षांचा. बॉल पायात आला, त्यानं मान वर न करता तसाच मागं गोलीकडं सरकवला. मधे समोरच्या टीमचा पोरगा उभाच होता. गोल. लगेच बाहेरून आवाज आला, "सर, काढा त्याला बाहेर!" ओरडणारे त्या पोराचे स्वतःचे वडील होते. पोरानं जर्सीची कॉलर दातात धरली आणि बॉल आपल्याकडं येऊच नये म्हणून उरलेली मॅच साइडलाइनला चिकटून काढली.

मी त्याला काढलं नाही. पण रात्री झोप लागेना, आणि आयर्लंडचा जुना फुटबॉलपटू टेरी फेलन आठवला.

४ जुलै १९९४. मी नववीत, शाळेच्या टीमचा लेफ्ट बॅक. शेजारच्या काकांकडं रात्री साडेनऊला टीव्हीसमोर बसलो होतो. वर्ल्ड कपची मॅच, हॉलंड विरुद्ध आयर्लंड. तिकडं ऑरलँडोत भर दुपारचं ऊन. अकराव्या मिनिटाला आयर्लंडचा लेफ्ट बॅक फेलन यानं डोक्यानं बॉल गोली पॅट बॉनरकडं परत द्यायला बघितला. जोर कमी पडला. हॉलंडचा ओव्हरमार्स वाऱ्यासारखा मधे घुसला, बॉल बर्गकॅम्पला दिला आणि गोल झाला. पुढं हाफ टाइमच्या आधी योंकचा लांबून मारलेला शॉट बॉनरच्या हातातून निसटला. २-०. आयर्लंडचा वर्ल्ड कप तिथं संपला. सोळाच दिवसांपूर्वी ह्याच टीमनं इटलीला १-० नं हरवलं होतं, आणि तेव्हाही लेफ्ट बॅक फेलनच होता. ते कुणी काढत नाही. तो हेडर मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

माझ्याही होता. कारण त्याच वर्षी आमच्या आंतरशालेय मॅचला मी अगदी तशीच चूक केली. त्या वेळच्या सरांनी मला हाफ टाइमला बसवलं आणि नंतर कधीच उतरवलं नाही. सर बोलले काहीच नाहीत, नुसतं बसवलं. दोन वर्षं मी बूट पिशवीत घालून मैदानावर जात राहिलो.

फेलनचं पुढं काय झालं हे मला बरंच उशिरा कळलं, आणि आज लिहायचंय ते त्याबद्दल. पण आधी मागचं थोडं. मँचेस्टरमध्ये जन्मलेला, अंगानं लहानसर, पायाला मात्र विलक्षण वेग. लीड्स क्लबनं एकोणिसाव्या वर्षी सोडलं तेव्हा स्वान्झीत गेला, म्हणजे थेट चौथ्या डिव्हिजनला. तिथून विम्बल्डन. १९८८ मध्ये ह्या विम्बल्डननं इंग्लंडच्या एफए कपच्या फायनलला लिव्हरपूलला १-० नं हरवलं. १९७७ पर्यंत फुटबॉल लीगमध्येही नसलेला हा क्लब. १९९२ ला मँचेस्टर सिटीनं त्याला २५ लाख पौंडांना घेतलं, त्या काळात एका बॅकसाठी ही डोळे पांढरे करणारी रक्कम होती. मग चेल्सी, एव्हर्टन. आयर्लंडकडून ४२ मॅच.

अशा माणसानं खेळणं थांबल्यावर काय करावं? टीव्हीवर बसून बोलता आलं असतं. हा गेला न्यूझीलंडच्या दक्षिणेला, ओटागो भागात, पोरांना शिकवायला. आणि तिथून पुढं भारतात. इंडियन सुपर लीगमधल्या केरळ ब्लास्टर्सनं त्याला खालच्या वयाच्या पोरांच्या कामासाठी आणलं. २०१५ च्या सीझनला टीम हरत सुटली, हेड कोच पीटर टेलर गेले, आणि मधेच मोठ्या टीमची सूत्रं फेलनच्या हातात दिली. टीम शेवटी तळाला राहिली. पॉइंट टेबल बघणारा माणूस म्हणणार, फेल गेला. माझ्या मते चूक त्याला तिथं बसवणाऱ्यांची होती. पेरणी करणाऱ्या माणसाला ऐन सुगीत बोलवून पीक कुठंय विचारण्यासारखं झालं ते. नंतर बंगळूरला साउथ युनायटेडमध्ये टेक्निकल डायरेक्टर म्हणून तो परत पोरांच्याच कामाला लागला. वर्ल्ड कप खेळलेला माणूस, आणि आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या गावात पोरांना शिकवत होता. आपल्याकडं त्याची बातमीसुद्धा कुणी वाचली नाही.

माझं स्पष्ट मत आहे, लहान पोरांना शिकवायला बॅकवर खेळलेला माणूस चांगला. फॉरवर्डच्या पाठीमागं बरंचसं मैदान असतं, बॅकच्या डोळ्यासमोर सगळं असतं. चूक होण्याआधी ती त्याला दिसते. आणि तो मॅचभर बोलत असतो. "मागं हाय!", "वेळ हाय, फिर!", "सोड, सोड!" हे बोलणं म्हणजेच निम्मं कोचिंग. शिवाय फॉरवर्डनं पाच चान्स घालवले आणि सहावा मारला तर त्याला खांद्यावर घेतात. बॅकनं एकोणनव्वद मिनिटं सगळं अडवलं आणि एकदाच चुकला, तर तेवढंच राहतं. हे ज्यानं सोसलंय, त्याला दहा वर्षांच्या पोराच्या पोटात काय कालवतंय ते सांगावं लागत नाही.

आता त्या रविवारच्या मैदानाकडं येतो, कारण चूक त्या पोराची नव्हतीच. आपण दहा वर्षांच्या पोरांना अकरा-अकरा करून पूर्ण मैदानात सोडतो. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. आमचा गोली साडेचार फुटांचा. हात वर करून उडी मारली तरी वरच्या बारला बोट लागत नाही. डोक्यावरून टाकलेला प्रत्येक बॉल आत. मग सगळी पोरं एकच शिकतात, लांब मारा. मान वर करून बघायची गरजच कुणाला पडत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ च्या सीझनपर्यंत आठ वर्षांपर्यंत पाच-पाच, दहापर्यंत सात-सात, बारापर्यंत नऊ-नऊ, आणि त्यानंतरच अकरा, अशी चढती पायरी होती. गोलही १२ बाय ६ फुटांपासून सुरू व्हायचा. पोराला बॉल जास्त वेळा मिळावा आणि चुकून परत करून बघायला वाव मिळावा, एवढंच त्यामागं आहे.

आणि हे आपल्याला कुणी गोऱ्या माणसानं येऊन सांगायला हवं का? आपला सांगली जिल्हा हिंदकेसरी मारुती मानेंचा, कुस्तीचा. जत्रेतलं मैदान आठवा. दुपारी सुरुवात होते ती रेवडीवरच्या कुस्तीनं. बारकी पोरं, बक्षीस रेवड्यांचं, बरोबरीची जोड बघून लावलेली. सात वर्षांच्या पोराला कुणी पंधरा वर्षांच्या पोराशी भिडवत नाही, तसं झालं तर पब्लिकच आत येईल. जो चितपट होतो त्यालाही वस्ताद पाठीवर थाप मारून माती झाडून देतात. आणि तालमीत वस्ताद पोरांना वर्षानुवर्षं मेहनतीवर ठेवतात, लगेच मोठ्या मैदानात सोडत नाहीत. शेजारी साताऱ्यात बघा. उसाच्या फडाला लागून तिरंदाजीचं मैदान, एक कोच, रोजचा सराव, आणि २०२३ ला बर्लिनमध्ये अदिती स्वामी सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन! हे आपल्याला येतं. फुटबॉल म्हटलं की मात्र सगळं विसरतो आणि मे महिन्यातलं दहा दिवसांचं शिबिर, टी-शर्ट, एक स्पर्धा, चषक, फोटो यावर भागवतो.

फेलनकडून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट घ्या. परक्या देशात, परक्या भाषेत, फ्लडलाइट नसलेल्या मैदानावर, लहान पोरांपुढं वर्षानुवर्षं उभं राहणं. आपल्या गावात, आपल्या भाषेत, ते आपल्याला का जमू नये?

मंगळवारी तो पोरगा सकाळी आला नाही. बुधवारी मीच घरी गेलो. त्याच्या वडिलांना तो १९९४ चा हेडर मोबाइलवर दाखवला, आणि नंतर हा माणूस भारतात पोरांना शिकवायला आला होता तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, मी बाहेरून ओरडायला नको होतं." पोरगा दाराआडून ऐकत होता. गुरुवारी सहा वाजता तो मैदानावर माझ्या आधी हजर. सात-सात खेळवलं, दप्तरं ठेवून गोल केले. त्यानं चार वेळा बॉल मागं दिला. चारही वेळा आधी मान वळवून बघितलं.

दप्तरांचे गोल किती दिवस चालवायचे, म्हणून शेवटी एक विनंती. कुपवाड एमआयडीसीत कुणाचं फॅब्रिकेशनचं काम असेल तर १२ बाय ६ फुटांचे दोन पाइपचे गोल करून हवेत, उचलून बाजूला ठेवता येतील असे. मटेरियलचे पैसे आम्ही पालक मिळून देतो. इनबॉक्समध्ये कळवा, मी स्वतः येऊन माप देतो.