तुमच्या भल्यासाठीच केलं, ताई

आमच्या हॉलची मोठी भिंत सध्या कॅलामाइन लोशनच्या रंगाची आहे. घामोळं आलं की आई कापसाने पाठीवर थापायची ना, तेच. मी मागितला होता कावेचा तांबडा. सकाळी ऑफिसला निघाले तेव्हा पहिला हात मारून झाला होता. ओला होता, ढगाळ होता, पण रंग तोच होता. संध्याकाळी दार उघडलं तर हे.

आणि कॉन्ट्रॅक्टर काय म्हणाला? "ताई, फारच डार्क वाटत होतं, म्हणून थोडा व्हाइट मारला. तुमच्या भल्यासाठीच केलं."

माझ्या भल्यासाठी! अरे बाबा, माझं भलं कशात आहे हे ठरवायला बोलावलं होतं का तुला? लांबी भर, पेपर घास, प्रायमर मार, रंग मार, पैसे घे, जा. एवढंच ठरलं होतं आपलं.

थोडा म्हणे. बाल्कनीत जाऊन बघितलं. बादली तशीच उभी, काठावरून पांढऱ्याचे ओघळ, आत ढवळायची काठी बुडालेली, आणि शेजारी सीलिंगच्या रंगाचा डबा उपडा. शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून निथळत ठेवलेला. म्हणजे सीलिंगचा उरलेला रंग माझ्या भिंतीत जिरवला. आता सांगा, सीलिंगचा रंग मॅट, भिंतीचा घेतलेला शीनवाला, म्हणजे किंचित चकाकणारा, महागातला. दोन्ही कालवल्यावर काय होणार? दिव्याच्या उजेडात बघा, इथे चकाकतंय, तिथे मेलंय, मधे रोलरचे पट्टे. मशीनवर शेड काढताना दुकानदार मोजून-मापून रंग सोडतो, कोड छापून डब्याला चिकटवतो. गडद शेडचा बेस, म्हणजे ज्यात तो हे रंग सोडतो, तोसुद्धा वेगळा येतो, त्यात पांढरं जवळजवळ नसतंच, म्हणूनच तो गडद होतो. तो सगळा खटाटोप कशासाठी, तर ह्या माणसाने त्यात पांढरं ओतावं!

बरं, मला फोन करून विचारता आलं असतं. तसं विचारलं तर म्हणतो, "साहेबांना केला होता ना फोन."

साहेबांना. शेड मी निवडली, डबा मी आणला, ॲडव्हान्स माझ्या खात्यातून गेला, सकाळी कुठल्या भिंतीला काय हे मी दाखवलं. पण परवानगी साहेबांची. आणि साहेब? साहेब सोफ्यावर बसून म्हणतात, "मी मीटिंगमध्ये होतो गं. तो लाइट करू का, लाइट करू का म्हणत होता, मला वाटलं इलेक्ट्रिकचं काम काढलंय. म्हटलं, करा."

ह्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मला सगळ्यात चीड कसली आली सांगू? मी घिसाडघाई केली नव्हती. शेड कार्डावरचा रंग भिंतीवर कार्डापेक्षा गडद दिसतो हे मला माहीत आहे. म्हणून आधी छोटा सॅम्पल आणून भिंतीवर चौकोन मारला. तो सकाळच्या उन्हात बघितला, दुपारी बघितला, रात्री दिव्यात बघितला. साडेसहा हजार केल्व्हिनच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली तांबडा रंग करपतो, म्हणून हॉलमधल्या ट्यूब काढून तीन हजारवाले पिवळसर दिवे लावले. लाल-पिवळ्याला कव्हरिंग कमी असतं, पांढऱ्यावर मारलं की तीन-तीन हात लागतात, म्हणून प्रायमरमध्येच थोडा करडा टाका असंही सांगितलं होतं. त्यावर मान डोलावली आणि पांढराच प्रायमर मारला. म्हणजे जिथे मिसळायला सांगितलं तिथे मिसळायचं नाही, नको तिथे बादली उपडी करायची. पहिल्या हातात कुठलाही गडद रंग भडक आणि डागाळ दिसतो, सुकला की बसतो, हे मी सांगायचं रंगाऱ्याला? वीस वर्षांचा अनुभव सांगत होता कोटेशन देताना.

आणि आता नवा डबा माझ्या खर्चाने! "मटेरियल तुमचं, लेबर आमची." मशीनवर काढलेला रंग दुकानदार परत घेत नाही. जुन्या डब्यात तिसरा हिस्सा उरलाय, त्यात एक हातही पुरा होणार नाही.

त्या सॅम्पलच्या चौकोनापायीसुद्धा मला काय कमी ऐकावं लागलं? तो भिंतीवर होता तोवर घरात येणाऱ्या प्रत्येकाला मत होतं. आत्या म्हणाली, खोली लहान दिसेल. आत्या, डोंबिवलीतला दहा बाय सोळाचा हॉल आहे हा, तो लहानच आहे. पांढरा दिला म्हणून त्याचा दरबार हॉल होणार नाहीये. नणंदबाईंनी फोनवर कंपास उघडून दिशा बघितली. दिशा बरोबर निघाली तर त्यांना वाईट वाटलं. खालच्या मजल्यावरचे काका पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले होते, ते टाकी विसरले आणि रीसेलवर घसरले. "उद्या विकायचं झालं तर?" काका, हप्ते अजून फिटायचेत, विकायचं काय घेऊन बसलात! समजा विकलंच, तर घेणारा माणूस दोन हात पांढरा मारून घेईल की. जो माणूस अजून जन्माला आलाय की नाही ठाऊक नाही, त्याच्या आवडीच्या भिंतींमध्ये मी आयुष्य काढू?

फक्त आमच्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, "ह्यो ब्येस हाय. गावच्या घरावानी." त्यांना रंगाचं कळतं. बाकी कुणाला नाही.

हेच लोक हो, हेच! आत्याच्या कपाटात चिंतामणी रंगाची पैठणी आहे, काठ राणी. नणंद नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग नेसून ऑफिसात फोटो काढते, रंग चुकला तर दुपारपर्यंत तोंड उतरलेलं. डाळिंबी, आमसुली, अबोली, मोरपंखी, शेवाळी, गुलबक्षी, साडीच्या दुकानात ह्या बायकांच्या तोंडी कसे भराभर येतात बघा. आणि भिंतीचा विषय निघाला की? "ऑफ व्हाइट घे. नाहीतर क्रीम." फार धाडस झालं तर पिस्ता, तोही इतका फिका की शेजारी पांढरा कागद धरल्याशिवाय कळत नाही.

गोव्याला जाऊन काय करता तुम्ही? पणजीत फोंताइन्हासमध्ये त्या पिवळ्या भिंतीला टेकून, त्या निळ्या दारासमोर एक पाय वाकवून फोटो काढता. लोकांच्या घराच्या पायरीवर बसता, आतले बिचारे वैतागतात. पावसाळा संपला की ते आपली घरं पुन्हा रंगवतात, म्हणून तुमचे फोटो चांगले येतात. मग घरी येऊन ऑफ व्हाइट भिंतीवर तोच पिवळ्या भिंतीचा फोटो फ्रेम करून लावता! जयपूर १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून सवाई रामसिंहांनी गुलाबी करून घेतलं. नशीब, त्यांच्याकडे आमचा कॉन्ट्रॅक्टर नव्हता.

आणि तो इंटिरिअरवाला. त्याचा राग अजून गेलेला नाही, आता निघालाच आहे विषय तर. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांसाठी बोलावलं होतं, बसला हॉलवर बोलायला. "न्यूट्रल पॅलेट ठेवू." लॅपटॉपवर जे चित्र दाखवलं ते मी आजवर ह्या शहरात गेले त्या प्रत्येक नव्या घरात बघितलंय. संगमरवरासारखं दिसणारं लॅमिनेट, त्यावर टीव्ही. बाजूला लाकडासारख्या दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या. वर फॉल्स सीलिंग, त्यात एलईडीची पट्टी, जिचा एक तुकडा सहा महिन्यांत जातोच. कोपऱ्यात उंच बरणीत वाळलेलं गवत. आमच्या आजीने ते गवत बघितलं असतं तर गोठ्यात टाकून आली असती. आणि बुद्धाचा चेहरा. नुसता चेहरा, तोही बेज. मी म्हटलं, माझी पुस्तकं कुठे ठेवू? तर म्हणे, पुस्तकांनी व्हिज्युअल क्लटर होतो, ठेवायचीच तर पाठ आत आणि पानं बाहेर करून ठेवा, म्हणजे सगळी एका रंगाची दिसतात. मी त्याला चहा दिला नाही.

वरून ती पॅन्टोनवाली मंडळी, रंगांना नंबर देणारी अमेरिकन कंपनी. दरवर्षी एक रंग जाहीर करतात. २०२५ चा रंग काय, तर मोका मूस, म्हणजे दूध जास्त झालेल्या कॉफीचा तपकिरी. म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी तरी रंग काढतील. २०२६ ला काढला क्लाउड डान्सर. पांढरा! अख्ख्या जगातले रंग समोर मांडून ठेवलेत आणि ह्यांनी उचलला पांढरा. माझ्या कॉन्ट्रॅक्टरला तिकडे नोकरी आहे.

आपल्याकडे काय रंग नव्हते का हो? वारली चित्रं गेरूने लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, ऑफ व्हाइटवर ती पांढरी माणसं दिसली असती का? कोकणात, गोव्यात देवळांवर कावीचं काम बघा. चुन्याच्या गिलाव्यावर जांभ्याच्या मातीची तांबडी काव चढवायची आणि ओलं आहे तोवर कोरून खालचा पांढरा काढायचा. पांढरा कुठे शोभतो ते त्या लोकांना कळत होतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातल्या भिंतींवर चित्रं आहेत. घरात! राहत्या घरात! आणि मोठ्या लोकांचं सोडा, आमच्या चाळीतल्या खोलीत कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट होता, वर चुन्यात नीळ घातलेला थंड पांढरा. मुलांनी तेलकट डोकी टेकली तरी ओल्या फडक्याने पुसलं की झालं. अक्कल होती त्यात. आत्ता बाजूच्या ऑफ व्हाइट भिंतीवर माझ्या मुलाच्या हाताचा पंजा उमटलाय स्विचबोर्डाशेजारी, तो घासला तर पंजा गेला आणि त्या जागी घासल्याचा डाग राहिला.

मामाच्या घराला दाराच्या दोन्ही बाजूंना कावेचा पट्टा असायचा, वाकून बघितलं तर हात फिरवलेला कळायचा. तो रंग मला हवा होता. बस. एवढीच मागणी होती. एक भिंत. चार भिंतींतली एक.

हे सगळं काल रात्री मी तावातावाने मैत्रिणीला फोनवर सांगत होते, घरभर फेऱ्या मारत. ती शांतपणे म्हणाली, "तू आत्ता काय घातलंयस?" करडा टीशर्ट. कपाट उघडलं. काळा कुर्ता, काळा कुर्ता, नेव्ही ब्लू, करडा, काळा, एक पांढरा ज्याला चहा सांडेल म्हणून मी घालत नाही. एक लिंबू रंगाचा आहे, नणंदेने दिलेला, किंमतीच्या चिठ्ठीसकट. बॅग काळी. चष्म्याची फ्रेम काळी. फोनचं कव्हर पारदर्शक. पार्किंगमध्ये गाडी उभी आहे ती पांढरी. का घेतली पांढरी? कारण शोरूममधला मुलगा म्हणाला, मॅडम, रीसेल चांगली येते. आणि मी मान डोलावली होती, शपथ सांगते, अगदी समंजसपणे.

तर असू दे. कपड्यांचं वेगळं असतं. मी स्वतःला दिवसभर बघत बसत नाही, भिंत बघते. आणि मला हा युक्तिवाद पुरेसा वाटतो, तुम्हाला वाटो न वाटो.

सध्याची परिस्थिती अशी की कॉन्ट्रॅक्टरने दोन दिवस फोन उचलला नाही, काल उचलला. अर्धा डबा त्याचा, अर्धा माझा असं ठरलं. "पण ताई, एकदा विचार करा, आत्ताचा पण छान सोबर दिसतोय" असं तेवढ्यात म्हणून घेतलंच त्याने. आत्याही येऊन गेली. भिंतीसमोर उभी राहिली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "बघ, हा किती शांत वाटतो." साहेब त्यावर काही बोलले नाहीत, ते हल्ली घरात जपूनच बोलतात.

बरं, खाली नोटीस बोर्डावर आणखी एक कागद लागलाय. वार्षिक सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक चार, इमारतीचा बाहेरील रंग. कमिटीने सभासदांपुढे दोन पर्याय ठेवलेत, बिस्किट आणि लाइट बिस्किट. सभा रविवारी दहा वाजता गच्चीवर आहे. मागच्या पाच सभांना मी गेले नाही. ह्या रविवारी शेड कार्ड घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे, टाकीवाल्या काकांच्या बरोबर शेजारी.