"काका, वॅगन-आर घ्या" : ब्रेक पॅडच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या ऑडी टीटीला साधे, रोज रस्त्यावर चालवायचे सिरॅमिक ब्रेक पॅड का बसवले ते लिहिलं होतं. इथल्याच, नाशिकच्या सातपूरमधल्या एका वाचकाने त्याचा खरपूस समाचार घेतला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : स्पोर्ट्स कारला असले बिनआवाजी पॅड टाकणं म्हणजे पैलवानाला पेजेवर ठेवणं. कसारा घाटात हे पॅड जळतील आणि माझं वाचून कुणीतरी दरीत जाईल. घ्यायचे तर रेसिंग ट्रॅकचेच पॅड घ्यावेत, खिसा पुरत नसेल तर निदान पुढच्या चाकांना तरी. आणि शेवटी, "काका, आवाज सोसत नसेल तर वॅगन-आर घ्या."

काका म्हणालात, ते मान्य. वॅगन-आर घरात आहेच, बायको चालवते. एका हिवाळ्यात रोज सकाळी पहिल्या सिग्नलला ती माझ्यापेक्षा कमी अंतरात थांबायची. ती गोष्ट पुढे येतेच.

आधी माझी चूक. "सिरॅमिक पॅड डिस्क झिजवतच नाहीत" असं मी लिहिलं होतं आणि त्यावर तुम्ही बोट ठेवलंत. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात.) झिजवतात. धातूचा भुगा घातलेल्या सेमी-मेटॅलिक पॅडपेक्षा साधारणपणे कमी, एवढंच म्हणायला हवं होतं. वाक्य दुरुस्त केलं आहे. दुसऱ्या एका वाचकाने विचारलं होतं, म्हणून सांगून टाकतो : महागड्या गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आणि हे सिरॅमिक पॅड यांचा नावापलीकडे फारसा संबंध नाही.

आता ट्रॅकचे पॅड. तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याच पंथाचा होतो. मुंबईहून अर्धा रस्त्याचा, अर्धा ट्रॅकचा असा एक सेट मागवला. डब्यावर काम करायचं तापमान २०० अंशांपासून पुढे छापलेलं होतं, आणि मी ते वाचून खूशच झालो होतो. म्हटलं, बघा, किती सोसतो! डिसेंबर संपत होता, निफाडचा पारा रोज पेपरात यायचा. सकाळी साडेसहाला आनंदवल्लीकडून गंगापूर रोडने निघालो. जेहान सर्कलला सिग्नल लाल झाला, मी नेहमीसारखा पाय ठेवला. पेडल लाकडासारखं घट्ट, गाडी मात्र थांबायच्या विचारातच नाही. आणखी दाबलं. झेब्रा पट्टे ओलांडून, एका दूधवाल्याच्या कॅनच्या हातभर मागे ती एकदाची उभी राहिली. त्याने वळून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेठ, गाडी भारी हाय, ब्रेक बी लावून घ्या."

महागड्या सेटवर एवढं नेमकं परीक्षण मी नंतर कुठे वाचलं नाही.

झालं होतं ते असं. पॅड दोन प्रकारे धरतो. एक म्हणजे खरवडून. दुसरं म्हणजे डिस्कवर स्वतःच्या मालाचा पातळ थर चढवून आणि मग त्या थराला चिकटून. ट्रॅकच्या पॅडचा सगळा भरवसा दुसऱ्या प्रकारावर असतो, आणि त्याला भरपूर उष्णता लागते. थंड असताना तो थर नीट राहत नाही, मग पॅड नुसता डिस्क खरवडत बसतो. म्हणजे गाडी थांबत नाही ती नाहीच, वर डिस्कही जाते. गंगापूर रोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्टँड) या शहरातल्या प्रवासात पॅड बहुतेक वेळ शंभर अंशांच्या आतबाहेरच असतात. म्हणजे ज्या तापमानाचे पैसे मी मोजले होते, तिथे मी रोजच्या वापरात कधी पोचतच नव्हतो. आवाजाचं तर काय सांगू. अशोक स्तंभाला गाडी हळू केली की अशी किंचाळायची की रिक्षावाले माना बाहेर काढायचे. पण आवाज मी सोसला असता. सोसला नाही तो थंड ब्रेक.

तुम्ही म्हणाल, शहराचं ठीक आहे, हायवेचं काय? हायवेवर तर हे जास्तच लागू होतं. समृद्धीवर इगतपुरीकडून आत शिरलात, १२० ची मर्यादा पाळून अर्धा तास चाललात, तर ब्रेकला पाय लागतो किती वेळा? पॅड आणि डिस्क वाऱ्याने गार पडलेले असतात. आणि पुढे अचानक टायर फुटून आडवा झालेला ट्रक दिसतो. तो त्या अर्ध्या तासातला पहिला ब्रेक, थंड पॅडवर, १२० च्या वेगाने. १०० ला गाडीत जेवढी ऊर्जा असते, त्याच्या जवळपास दीडपट १२० ला असते. तिथे मला दुसरी संधी नको, पहिल्याच दाबाला धरणारा पॅड हवा.

म्हणून मी पॅडच्या कडेवरची अक्षरं बघतो. "एफएफ म्हणजे भंगार ग्रेड" असं तुम्ही लिहिलंय. ती प्रतवारी नाही, घर्षणाचा आकडा सांगणारी खूण आहे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. म्हणजे एफई लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडू शकतो, एफएफ दोन्हीकडे सारखा. ही चाचणी प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यावर होते, आणि त्या अक्षरांवरून झीज किंवा आवाज कळत नाही. पण थंडीतला ब्रेक कसा असेल याचा अंदाज बांधायला डब्यावरच्या ज्वाळांच्या चित्रापेक्षा ती बरी.

आता घाट. तुमचा मुख्य आक्षेप तोच आहे, आणि तो गंभीर आहे, म्हणून मी कागद-पेन घेऊन बसलो.

इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. एवढं खाली येताना गाडीची जी ऊर्जा जिरवावी लागते, ती १०० च्या वेगावरून पूर्ण थांबण्याच्या साधारण साडेसातपट भरते. वजन कितीही धरा, ते दोन्हीकडून उडतं. साडेसातपट ऐकून घाबरायला होतं. पण १०० वरून करकचून थांबताना ती ऊर्जा तीन सेकंदांत ब्रेकवर येते, घाटात ती दहा मिनिटांवर पसरते. दराने बघितलं तर त्या तीन सेकंदांत ब्रेकवर पडणारा मारा घाटातल्यापेक्षा २५ पटींहून जास्त असतो. शिवाय घाटातला मोठा वाटा इंजिन उचलतं, गिअर खालचा असेल तर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणाऱ्यांना कुठलाच पॅड वाचवू शकत नाही, हे मात्र मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं.

मग घाटात ब्रेक जातात ते कशाने? माझे एकदा गेले होते, दोन वर्षांपूर्वी, कसाऱ्याच्या शेवटच्या वळणांवर. पाय दाबला तर पेडल पाव दाबावा तसं मऊ, थेट तळाला. पंप करत, पहिल्या गिअरवर, हँडब्रेक ओढत उतरलो. मीही पॅडलाच शिव्या घातल्या. द्वारका चौकाजवळ ज्यांच्याकडे मी गाडी नेतो, त्या चाचांनी चाक काढलंच नाही. बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीत सिरिंज घातली आणि काचेच्या ग्लासात ओतलं. नव्या ऑइलचा रंग फिका मधासारखा असतो. माझ्या ग्लासात टपरीवरचा कोरा चहा होता. "पॅड को गाली मत दो," म्हणाले, "ये उबल गया."

आधीच्या सर्व्हिसच्या बिलावर 'ब्रेक ऑइल बदलले' अशी ओळ होती, पैसेही लावले होते. कुठलं गॅरेज ते जाऊ दे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या आत उकळता कामा नये, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तीच हमी १५५ अंशांपर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, पेडल खाली जातं. आणि आपण राहतो कुठे? इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल, न चुकता, आणि शक्यतो समोर उभं राहून. ओळखायची खूणही सोपी आहे : पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून ढिला पडलाय. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलंय किंवा हवा शिरलीय. तुमच्या मित्राचा जो घाटातला किस्सा तुम्ही दिलात, त्यात "पेडल तळाला गेलं" असंच लिहिलंय. एकदा परत वाचा.

"निदान पुढे तरी ट्रॅकचे" हे मात्र करू नका. पुढच्या आणि मागच्या धरण्याचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच हिशोबाने चालतं. तापल्यावर पुढचे जादा धरणार, एबीएस लवकर जागं होणार. सकाळी उलटं : पुढचे झोपलेले, मागचे जागे. पावसात पांडवलेणीच्या उतारावर हा प्रयोग मला बघायचाही नाही.

ट्रॅकवर जाणार असाल, कोइमतूरला किंवा चेन्नईला, तर तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे माझे पॅड काही फेऱ्यांत मान टाकतील. त्यासाठी वेगळा सेट ठेवा, जमलं तर डिस्कही वेगळ्या. एका पॅडच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड लवकर रुळत नाही.

रुळवण्यावरून आठवलं. तुम्ही माझे पॅड "थरथरणारे" म्हणालात, ते मागच्या लेखातल्या तक्रारीवरून. ती चूक पॅडची नव्हती, माझी होती. नवे पॅड बसवले की त्र्यंबक रोडला पहाटे, मागे कुणी नसताना, ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा गाडी हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, मग ब्रेक न लावता थोडं फिरून गार होऊ द्यायची. मी आठव्या वेळी चहाची टपरी बघून थांबलो आणि पेडल दाबूनच ठेवलं. तापलेल्या डिस्कवर पॅडच्या मालाचा ठिपका बसला, आणि नंतर महिनाभर स्टिअरिंग थरथरलं. बरेच जण अशा वेळी डिस्क वाकली समजून लेथवर नेतात.

आता माझ्याकडे चारही चाकांना एफएफ आहेत. चहाही आता रुळवून झाल्यावरच पितो. तुमच्या सध्याच्या पॅडच्या कडेवर काय छापलंय, ते चाक काढाल तेव्हा बघून खाली लिहा. आणि ऑइल शेवटचं कधी बदललंत, तेही.