स्टिकर सोलला आणि खाली चिनी निघालं

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी शटर ओढायच्या बेतात होतो, तेवढ्यात दारात छोटा हत्ती येऊन थांबला. मागं ताडपत्रीखाली ड्रोन. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या ताई आणि त्यांचे यजमान. उसावर फवारणी करणारा दहा लिटर टाकीचा ड्रोन विजेच्या तारेला घासून बांधावर आदळला होता. एक हात मोडलेला, एका मोटरचा शाफ्ट वाकलेला. ड्रोन किती उंचीवर होता, बॅटरी किती टक्के होती, रिमोटवर कुठला एरर आला, सगळं ताईंनी धडाधडा सांगितलं. यजमान नुसते मान हलवत उभे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीतरी "ह्यो करंल" म्हणून माझं मशीन शॉप दाखवलेलं.

हाताचं काम किरकोळ होतं. कार्बन फायबरची नळी आणि तिला धरणारा ॲल्युमिनियमचा क्लॅम्प. माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, नवा क्लॅम्प काढला, मूळच्यापेक्षा जरा जाडच. मोटरपाशी अडलो. कंपनीला फोन लावला तर "स्टॉक नाही, तीन-चार आठवडे धरा." ड्रोनच्या अंगावर तिरंग्याचा पट्टा, मेड इन इंडिया, आणि मोटरवर कंपनीच्या नावाचा चंदेरी स्टिकर. चिखल पुसायला थिनरचा बोळा फिरवला तर स्टिकरचा कोपरा उचलला. सोलला. खाली लेझरनं कोरलेली चिनी अक्षरं.

ताईंचे यजमान तेव्हा पहिल्यांदा बोलले. "चायनीजच्या गाड्यावर असतंय तसलं लिवलंय की ओ हे."

आम्ही सगळे हसलो. ताई हसल्या नाहीत. ड्रोनचं कर्ज त्यांच्या गटावर आहे.

आता मुद्द्यावर येतो. कमेंटमध्ये मला लगेच कुठल्या पक्षात ढकलू नका, माझं मत मीच दरवेळी बदलतोय.

ही मोटर नुसती उसाची नाही. याच जातीच्या ब्रशलेस मोटरी, कमीजास्त आकाराच्या, आज युक्रेनच्या आघाडीवर दोन्ही बाजूंनी लाखांनी फिरतात. तीस-चाळीस हजार रुपयांचा ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा निकामी करतोय. १ जून २०२५ ला युक्रेननं लाकडी खोल्या ठेवलेल्या ट्रकांतून ११७ ड्रोन सोडले आणि थेट सायबेरियातल्या विमानतळावरची रशियाची बॉम्बफेकी विमानं पेटवली. ते बघून सगळ्या जगातले जनरल खडबडून जागे झाले. आमच्या इथं मात्र अजून चर्चा कसली, तर राफेल भारी का एफ-१६ भारी.

एफ-१६ वरनं आठवलं. ऑपरेशन सिंदूरनंतर एका चौकात सेनादलांच्या अभिनंदनाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. खाली वीस-पंचवीस नेत्यांचे हात जोडलेले फोटो आणि वर झेपावणारं लढाऊ विमान. जवळ जाऊन बघितलं तर चक्क एफ-१६. पाकिस्तान उडवतंय ते! गूगलवर जे पहिलं मिळालं ते डिझाइनवाल्यानं चिकटवलं असणार. आठ दिवस लटकत होतं, वीस-पंचवीसांपैकी एकालाही कळलं नाही.

त्या चार दिवसांत, ७ मे ते १० मे २०२५, खरं काय झालं ते आमच्या धंद्याच्या माणसानं बघण्यासारखं आहे. ८ मेच्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन सोडले, असं सरकारनंच पत्रकार परिषदेत सांगितलं. सापडलेल्या तुकड्यांवरनं ते तुर्कस्तानचे सोनगर असावेत, असंही सांगितलं. ते पाडायला पुढं आली कोण? आकाश क्षेपणास्त्रं होतीच, पण जोडीला एल-७० तोफा. मूळची स्वीडनच्या बोफोर्सची ४० मिलिमीटरची तोफ, आपल्या सैन्यात १९६०च्या दशकापासून. म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठी. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं तिला नवे डोळे बसवले, नवी मोटर बसवली आणि आजी परत मैदानात. मला या गोष्टीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्या परदेशी विमानाचा वाटला नाही. ही खरी उद्यमनगरी पद्धत. जुनं मशीन, नवं कंट्रोल पॅनेल.

आणि त्याच रात्री काही चॅनेलवाले काय करत होते? कराची बंदर बेचिराख करत होते. आमच्या गल्लीत एकानं पेढे आणले. सकाळी कराची होतं तिथंच, पेढे तेवढे संपले.

असो. तर चिनी मोटर तिरंगी ड्रोनमध्ये आली कशी? चोरून नाही आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी सवलत ठेवली, बाकी तयार ड्रोन बंद, अर्धवट जोडलेला बंद, पूर्ण सुट्टा करून आणलेला संचही बंद. टाळ्या पडल्या. मेख पुढच्या ओळीत होती. सुटे भाग आणायला कसल्याही परवानगीची गरज नाही. मग काय, मोटर एका खोक्यात, कंट्रोलर दुसऱ्या, पंखे तिसऱ्या. इथं चार पोरं, चार स्क्रू ड्रायव्हर, आणि स्टिकरचा रोल.

त्याच्या आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, १२० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनाच्या प्रमाणात प्रोत्साहन देणारी योजना आली. देशात जेवढं मूल्यवर्धन कराल त्याच्या २० टक्के सरकार देणार, मूल्यवर्धन किमान ४० टक्के हवं. वाचायला झकास. पण मूल्यवर्धन मोजायचं कसं? वर्षाच्या विक्रीतनं सुट्या भागांच्या खरेदीची किंमत वजा करायची, उरेल ते मूल्यवर्धन. माझ्या सीएला दाखवलं तर तो म्हणाला, "अहो, ह्याला आम्ही मार्जिन म्हणतो."

जरा हिशेब करून बघा. चिनी मोटर आठ हजारांना घेतली तर वजा आठ. तीच मोटर मी उद्या कोल्हापुरात केली आणि सुरुवातीला मला चौदाला परवडली, तर ड्रोनवाल्याच्या खात्यातनं वजा चौदा. म्हणजे माझी स्वदेशी मोटर घेतली की त्याचं स्वदेशीपण कागदावर कमी होतं! सुटे भाग करणाऱ्यालाही योजनेत जागा होती, नाही असं नाही. पण गिऱ्हाइकालाच माझा माल घेऊन तोटा असेल तर मी ती जागा घेऊन काय करू, पूजा करू?

फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण खात्यानं लष्करासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनची कंत्राटं रद्द केली. सुमारे २३० कोटींची. कारण, आत चिनी भाग. चीनच्या सीमेवर न्यायचे ड्रोन आणि आतला मेंदू चीनचाच! रद्द केली हे चांगलंच झालं, त्यासाठी शंभर मार्क. पण ऑर्डर देईपर्यंत कुणी खोलून बघितलं नव्हतं का? आमच्याकडं टाटा, महिंद्राची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जातात तेव्हा त्यांचा माणूस येऊन कास्टिंग मधून कापून बघतो. एक ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक, दिसला तर अख्खा लॉट परत. साध्या गाडीच्या ब्रॅकेटला ही तऱ्हा.

आता कुणीतरी म्हणणार, कोल्हापूरकरांनो, तुम्ही पण कॉपीच केली की. केली. छाती ठोकून सांगतो. माझे वडील ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. कोल्हापुरात इंजिन घडवणाऱ्या म्हादबा मिस्त्रींचं नाव त्यांच्या पिढीत देवासारखं घ्यायचे. विलायती इंजिन आणायचं, नटबोल्टापर्यंत सुट्टं करायचं, लाकडाचा पॅटर्न करायचा आणि ओतायचं. वडील सांगायचे, पहिलं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तापल्यावर तडकलं, दुसऱ्याला ब्लोहोल, तिसरं बरं निघालं पण गॅस्केटातनं पाणी. असं करत करत इंजिन उभं राहिलं आणि पंचगंगेचं पाणी उसाला लागलं. त्या तडकलेल्या हेडांनीच शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या घडवल्या. तडकलं का, हे ज्याला कळलं तो पुढं भट्टीवाला झाला.

ड्रोनमध्ये ती पायरीच आम्ही गाळलीय. तडकायला काही ओतलंच नाही. कॉपी करणारा निदान उघडून तरी बघतो. स्टिकर लावणाऱ्याला उघडायची गरजच पडत नाही.

म्हणून मी ती मोटर उघडली. वरचा फिरणारा डबा ओढला तर निघेना. आतल्या मॅग्नेटची ओढच तेवढी. दोन स्क्रू ड्रायव्हर लावून उचलला तर एक ड्रायव्हर फटकन आत चिकटला आणि मॅग्नेटचा टवका उडाला. आतल्या कडेला गोलाकार चाळीसेक मॅग्नेट, नखाएवढे. मधे कागदासारख्या पातळ पत्र्यांची चळत आणि तिच्या ३६ दातांवर तांब्याची तार. यात रॉकेटचं विज्ञान कुठलंच नाही. शाफ्ट मी लेथवर काढला, अर्ध्या तासाचं काम. बेअरिंग लक्ष्मीपुरीत मिळालं. डबा कुणीही बऱ्यापैकी मशिनिस्ट काढेल.

तार भरायला मागच्या गल्लीतल्या आबांकडं गेलो. चाळीस वर्षं विहिरीच्या मोटरी भरतात. चष्मा कपाळावर सारला, मोटर हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "पोरीच्या बांगड्यागत हाय. ठेव." दुसऱ्या दिवशी गेलो तर सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं सगळा नकाशा काढलेला. कुठल्या दातावर किती वेढे, कुठल्या दिशेनं, एका वेढ्यात किती बारीक तारा. कुणी शिकवलं नव्हतं. उलगडताना मोजत गेले, बस्स.

पण मॅग्नेट? तिथं आबाही थांबले आणि मीही. हे निओडिमियमचे मॅग्नेट. शोध १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेत लागला. जनरल मोटर्सनं मॅग्नेटची आपली कंपनी १९९५ मध्ये विकून टाकली, आणि काही वर्षांत तो कारखाना अमेरिकेतनं उठून चीनला गेला. आज जगातले दहापैकी नऊ असले मॅग्नेट चीनमध्ये होतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवाने लावले, तेव्हा इकडं गाड्यांच्या कंपन्यांची झोप उडाली आणि त्यांच्यामागं आमचीही.

आपल्याकडं वाळू नाही असं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइट, म्हणजे रेअर अर्थ धातू असलेलं खनिज, पडलंय, ती वाळू चाळणारी आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० सालापासूनची. वाळूपासून धातूपर्यंत थोडंफार जमलं, धातूपासून मॅग्नेटपर्यंत पंचाहत्तर वर्षांत कुणाला गरज वाटली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं ७,२८० कोटींची मॅग्नेट योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांचं लक्ष्य. उशिरा का होईना, हे काम बरोबर आहे, आणि ज्यांनी केलं त्यांना द्यायचं श्रेय मी देतो. फक्त तिथं मूल्यवर्धन मोजताना माझ्या सीएला बोलवा.

आमचा अनुभवही सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी सैन्याला माल देणाऱ्या एका कंपनीसाठी मोटर बसवायच्या माउंटचे तीन नमुने केले. दहा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, डायल लावून दाखवले. "एक नंबर" म्हणाले. मग अर्ज आला, संरक्षण क्षेत्रातला तीन वर्षांचा पुरवठ्याचा अनुभव जोडा. अहो, तुम्ही पहिली ऑर्डर दिली तर अनुभव येणार! नमुन्यांचे पैसेही आले नाहीत. सैन्यात भरती व्हायला पोराला अनुभव लागत नाही, बोल्ट भरती करायला मात्र लागतो.

पोरांवरनं, माझा भाचा अग्निवीर आहे. कुठं आहे ते लिहीत नाही. फोनवर फार बोलत नाही, मे महिन्यातलं तर अजिबात नाही. एवढंच म्हणाला, "मामा, ड्रोनचा आवाज लांबनं गिरणीगत येतो." ड्रोन हाताळायला तो आता कुठं शिकलाय, आणि चार वर्षं भरली की चारातल्या तिघांना घरी यायचंय. शिकलेला हात परत गावाकडं, आणि नव्या पोराला पुन्हा पहिल्यापासून रिमोट. याचा हिशेब कुठल्या सीएला विचारायचा ते मला कळत नाही.

२०१८ मध्ये संरक्षण उद्योगाचे दोन कॉरिडॉर जाहीर झाले, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा एवढे दारूगोळ्याचे आणि लष्करी साहित्याचे कारखाने अंगणात असताना आपण त्यात नाही. आपले आमदार-खासदार तेव्हा काय करत होते, हे ज्याचं त्यानं आपल्या पक्षाच्या ग्रुपवर विचारावं. इथं वीजदराचा विषय निघाला की सीमेपलीकडं कर्नाटकात जायची भाषा होते, चार बैठका होतात आणि पुढच्या दरवाढीपर्यंत सगळे गप्प.

ताईंच्या ड्रोनचं सांगायचं राहिलं. नवी मोटर २६ दिवसांनी आली. खोकं चिनी, वर नवा चंदेरी स्टिकर. बसवून दिली, ताईंनी शॉपच्या बाहेरच ड्रोन उडवून बघितला आणि त्याच पावली गेल्या, कारण ऊस डोक्याच्या वर गेलाय आणि शेजारच्या गावची तीस एकर त्यांनी घेऊन ठेवलीत.

जुनी मोटर माझ्याकडंच आहे. आबांनी भरून दिली, पहिल्या वेळी उलटी फिरली, दुसऱ्या वेळी सरळ. टवका उडालेल्या मॅग्नेटमुळं थरथरते आणि दहा मिनिटांत चटका बसेल एवढी तापते. आबा म्हणतात तारेचं गेज बदलून बघू. तर कुणाकडं ड्रोनची जळालेली, वाकलेली मोटर पडली असेल तर भंगारात घालू नका. शॉपवर आणून द्या. आबांनी अजून सहा मागितल्यात.