आठशे रुपयांच्या स्क्रूने गाडी घाट चढत नाही: बूस्ट कंट्रोलरच्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "टर्बो गाडी घाटात ओढत नाही? कंपनी मुद्दाम बूस्ट दाबून ठेवते. मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर बसवा, ८०० रुपये, अर्ध्या तासाचं काम, पेट्रोल-डिझेल कुठल्याही टर्बो गाडीला चालतो. २५-३० एचपी वाढते, ॲव्हरेज पण वाढतं. ईसीयूला हात लागत नाही म्हणजे वॉरंटी सेफ, सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवा. कोकणातली हवा जाड, त्यामुळे आपल्याकडे रिझल्ट अजून भारी." मागच्या आठवड्यात दोघांनी मला हाच मेसेज पाठवून "बसवू का" विचारलं, त्यातला एक आंब्याच्या पेट्या भरून रोज घाट चढतो, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी ही वस्तू करते काय ते बघा, कारण मेसेजमध्ये ते कुठेच नाहीये. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बूस्ट म्हणजे त्या दाबलेल्या हवेचं प्रेशर, आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. टर्बोच्या बाजूला एक गोल डबी असते, तो वेस्टगेटचा ॲक्च्युएटर. आत पडदा आणि स्प्रिंग. टर्बोने दाबलेली हवा एका बारीक रबरी पाइपने त्या डबीत येते, प्रेशर स्प्रिंगपेक्षा जास्त झालं की दांडी पुढे सरकते, वेस्टगेटची झडप उघडते, थोडा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो आणि बूस्ट तिथेच थांबतो. बूस्ट कंट्रोलर त्या बारीक पाइपच्या मधे बसतो. अंगठ्याएवढा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा, दोन बाजूला पाइप चढवायची दोन टोकं, वर बाण कोरलेला, आत एक स्टीलची गोळी आणि स्प्रिंग, आणि ॲक्च्युएटरकडच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एक भोक. वरचा स्क्रू आवळला की गोळी जास्त प्रेशर आल्याशिवाय जागची हलत नाही, म्हणजे डबीला खबरच उशिरा लागते आणि तोवर बूस्ट वाढत राहतो. एवढंच काम. टर्बोचं प्रेशर किती झालंय हे वेस्टगेटपासून लपवायचं. पॉवर बनवणारं यात काहीच नाही.

आता "कुठल्याही टर्बो गाडीला चालतो" हे घ्या. नाही चालत. स्कॉर्पिओ एमहॉक, क्रेटा १.५ डिझेल या व्हीजीटी टर्बोच्या गाड्या, यात वेस्टगेटच नसतो, टर्बाइनभोवतीच्या पात्या फिरून बूस्ट ठरतो. बऱ्याच व्हीजीटी गाड्यांत त्या पात्या व्हॅक्यूमवर चालतात आणि व्हॅक्यूमच्या पाइपात ही गोळी-स्प्रिंग घातली तर गाडी एक तर मरगळते नाहीतर बूस्ट कसाही पळतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटरवर आहे, तिथे हवेचा पाइपच नाही, मग कंट्रोलर लावणार कुठे? राहिल्या साध्या वेस्टगेटवाल्या गाड्या, उदाहरणार्थ आपल्याकडे घरटी दिसणारी जुनी स्विफ्ट डिझेल, ७५ पीएसवाली. त्यात बसतो. बसतो, पण उपयोगी पडतो का ते पुढे बघू.

"२५-३० एचपी वाढते." हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. याच स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन अर्टिगा आणि सियाझमध्ये ९० पीएसचं आलं. त्यासाठी कंपनीने व्हीजीटी टर्बो लावला, ट्यूनिंग वेगळं केलं, आणि एवढं करून मिळाले १५ पीएस. आणि मेसेजवाला म्हणतोय आठशे रुपयांच्या स्क्रूने ३०, म्हणजे ७५ वर ४० टक्के! डिझेल इंजिनात पॉवर ठरते ती किती डिझेल जाळलं यावर. हवा तशीही गरजेपेक्षा जास्तच असते. कॉमन रेल गाडीत (म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या डिझेल गाडीत) इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो, आणि तुम्ही बूस्टचा स्क्रू आवळला म्हणून तो डिझेल वाढवत नाही, त्याच्या टेबलात टॉर्कची लिमिट घातलेली असते. म्हणजे हवा जास्त, डिझेल तेवढंच. वर टर्बाइनला जास्त एक्झॉस्ट ढकलावा लागतो म्हणून इंजिनावरचा मागचा दाब वाढतो तो वेगळाच. छोटे टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांच्या वर फिरतात, त्यांना आणखी पळवून बेअरिंगचं आयुष्य कमी होतं आणि बदल्यात मिळते फक्त शिट्टी. त्या शिट्टीमुळेच बऱ्याच जणांना "पिकअप वाढला" असं वाटतं, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या टर्बो डिझेलमध्ये बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारा पडदा पंपावरच असायचा, तिथे थोडा फरक पडायचा. पण तोही पंपाच्या सेटिंगपर्यंतच. त्या काळाचा अनुभव आजच्या गाडीला चिकटवू नका.

पेट्रोलचं प्रकरण वेगळं आणि जास्त धोक्याचं. पेट्रोलमध्ये हवा वाढली की पॉवर वाढते हे खरंय, मेसेजमधला अर्धा खरा भाग तो एवढाच. पण हवा दाबली की तापते, आणि किती तापते त्याचा हिशोब करून बघा. मे महिन्यात दुपारी बॉनेटखाली आत जाणारी हवा ३५ डिग्री धरा, टर्बोची एफिशियन्सी ७० टक्के धरा. ०.७ बार बूस्टला टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १०५ डिग्रीला जाते, १ बारला १३० च्या आसपास. वातावरणाचा साधारण १ बार धरून एकूण प्रेशर वाढलं साडेसतरा टक्के, पण हवा गरम झाल्यामुळे इंटरकूलरच्या आधी तिचं वजन वाढलं फक्त साडेदहा टक्क्यांच्या आसपास. इंटरकूलर ती थंड करतो, कबूल, पण कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे वीस-पंचवीसच्या स्पीडने चढताना इंटरकूलरवर वारा येतो कुठून? ज्या घाटासाठी हे बसवायचं त्याच घाटात गाडीची सगळ्यात वाईट अवस्था असते. गरम, दाबलेलं मिश्रण स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटलं की ते नॉकिंग. नॉक सेन्सर ऐकतो, ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे वाढलेली पॉवर तिथेच परत गेली. आणि एवढं करून नॉकिंग थांबलं नाही तर पिस्टनच्या रिंगांमधली कड (रिंग लँड) तुटते. डायरेक्ट इंजेक्शनवाली छोटी टर्बो पेट्रोल गाडी असेल आणि पाचव्या गियरमध्ये १५०० आरपीएमला चढावर ॲक्सिलरेटर दाबून धरायची सवय असेल तर कमी आरपीएमला स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका असतो, बूस्ट वाढवून तो अजून वाढतो.

यावर एकाने लगेच लिहिलं की आता पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), ऑक्टेन जास्त, नॉकिंग होणारच नाही. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं हे बरोबर आहे. पण इथेनॉलला जळायला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, लिटरमागे ऊर्जाही ई२० मध्ये सहा-सात टक्के कमी, म्हणजे इंजेक्टरवर आधीच जास्त काम. त्यावर तुम्ही हवा वाढवली आणि वरच्या आरपीएमला इंजेक्टर कमी पडला की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि फुल लोडला लीन म्हणजे पिस्टन वितळायची तयारी.

"ईसीयूला हात लागत नाही." तुमचा हात लागत नाही, पण ईसीयूला सगळं दिसतं. इनटेक मॅनिफोल्डवर हवेचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर बसलाय तो कशाला? टार्गेटपेक्षा बूस्ट ठराविक मर्यादेच्या वर गेला की पी०२३४ कोड, म्हणजे ओव्हरबूस्ट, चेक इंजिन लाइट, आणि बऱ्याच गाड्या लिंप मोडमध्ये जातात, म्हणजे इंजिन वाचवायला पॉवर कमी करतात. काही पेट्रोल गाड्या थेट इंधन कापतात, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाल्या गाड्या टॉर्क जास्त दिसला की थ्रॉटल स्वतःच मिटतात. आता हे आंबोलीच्या वळणावर ओव्हरटेक करताना झालं तर? समोरून एसटी येतेय, तुम्ही अर्धे बाहेर आहात आणि गाडीचा जोर गेला. ॲव्हरेज-बिव्हरेज सोडा, माझी खरी भीती ही आहे. गणपतीला मुंबईहून पाच माणसं आणि सामान भरून येणारी गाडी असेल तर विचार करा.

आणि सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवलं तरी कोड मेमरीत राहतो, त्या वेळी आरपीएम किती, लोड किती हेही त्याच्यासोबत सेव्ह असतं. वॉरंटीच्या भरवशावर राहू नका. इन्शुरन्सलाही न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ॲव्हरेजचा दावा एका ओळीत संपतो: हायवेला सत्तरच्या स्पीडने हलक्या पायाने चालवताना बूस्ट वेस्टगेटच्या सेटिंगपर्यंत पोचतच नाही, मग ते सेटिंग वाढवून ॲव्हरेज वाढणार कसं?

आता "कोकणातली जाड हवा". समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर महाबळेश्वरपेक्षा जास्त असतं, बरोबर. पण आपल्याकडे दमटपणा किती! ३० डिग्री आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर इंजिन ओढतं त्या हवेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास नुसती वाफ असते, तेवढा ऑक्सिजन कमी. आणि जाड हवेचा फायदा कंट्रोलर न लावता पण मिळतोच की, त्यात कंट्रोलरचं कर्तृत्व काय?

उलट कोकणात हा प्रकार जास्त वाईट, आणि कारण खारी हवा. मालवण, देवगड, गुहागर, कुठेही किनाऱ्याजवळ गाडी उभी असते तिथे नट-बोल्टचं काय होतं ते आपण सगळे बघतो. त्या कंट्रोलरमध्ये स्टीलची गोळी, स्टीलची स्प्रिंग आणि सुईएवढं भोक. वर टर्बोच्या हवेत तेलाचा बारीक अंश असतोच. पावसाळ्याचे चार महिने गेले की गोळी गंजून चिकटते किंवा भोक चिकटाने भरतं. गोळी बंद अवस्थेत चिकटली तर ॲक्च्युएटरला प्रेशर पोचतच नाही, वेस्टगेट उघडतच नाही, आणि बूस्टला मर्यादाच राहत नाही. स्वस्त पाइप निसटला, क्लिप गंजून तुटली, तरी हेच. ओरिजिनल पाइप एकसंध असतो, तुम्ही तो कापून मधे दोन नवे जोड तयार करता.

ही वस्तू मुळात वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. जुन्या जपानी टर्बो पेट्रोल गाड्यांवर, सुबारू, मित्सुबिशी इव्हो वगैरे, लोक ही कित्येक वर्षं वापरतात. पण ते डॅशवर बूस्ट गेज लावतात, एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून मिश्रण बघतात, ट्यूनिंग करून घेतात आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवतात. मेसेजमध्ये गेजचा ग सुद्धा नाही.

गाडी घाटात खरंच ओढत नसेल तर बूस्ट वाढवायच्या आधी कंपनीचा बूस्ट पूर्ण मिळतोय का ते बघा. बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं. इंटरकूलरचा पाइप क्लिपपाशी चिरलेला असतो, बाहेरून फक्त तेलाचा ओलसर डाग दिसतो आणि चढाला लोड आला की चीर उघडते, मागे काळा धूर. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बघा, मॅप सेन्सरवरची काजळी बघा, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप) बघा. आणि आपल्याकडे खास करून ॲक्च्युएटरची दांडी आणि झडपेची पिन, गंजून अर्धवट उघडी अडकली की बूस्ट बनतच नाही. चांगला फिटर गेजवाला हातपंप लावून प्रेशर देतो आणि दांडी कितीला हलायला लागते, सोडल्यावर पूर्ण मागे येते का ते बघतो. मग स्कॅनर लावून चढावर टार्गेट बूस्ट आणि खरा बूस्ट शेजारी शेजारी बघायचा. जिथे फरक, तिथे काम.

ज्यांनी आधीच बसवलाय त्यांनी काढा. कोड पुसायच्या आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कापलेला पाइप जोडत बसू नका, नवा एकसंध पाइप आणि नव्या क्लिपा टाका, आणि दांडी हातपंपाने तपासून घ्या. पेट्रोल गाडी असेल तर प्लग खोलून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसले तर आत नॉकिंग झालेलं आहे, ते कण पिस्टनचे आहेत. अशा गाडीच्या सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत लोड भरून घाटात नेऊ नका.