एक मालक, चार पाट्या

मॉलमध्ये बुटांची तीन दुकानं आसपास दिसतात, तिन्ही एकाच कंपनीची निघतात, आणि मग कुणीतरी शहाणा सांगतोच, "सगळं एकच आहे रे, पाट्या तेवढ्या वेगळ्या. उल्लू बनवतात आपल्याला." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून बरीच जुंपली होती. विषय मेट्रो ब्रँड्स या बूट-चपला विकणाऱ्या कंपनीचा. मेट्रो, मोची, वॉकवे या त्यांच्या स्वतःच्या पाट्या, आणि क्रॉक्स-फिटफ्लॉप या परदेशी ब्रँडची भारतातली दुकानंही हेच चालवतात. माहिती अगदी बरोबर आहे. उल्लू बनवण्याचं मात्र मला पटत नाही.

कॉलेजात असताना सुट्टीत मी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका चपलांच्या दुकानात काम केलंय. दुकान खाली, माल वर माळ्यावर आणि मधे छताला चौकोनी भोक. खालून सेल्समन ओरडायचा, "तोच काळ्यात, आठ नंबर टाक!" की वरून खोका सुटायचा, तो झेलायचा. बरेचदा वरून आवाज यायचा, "आठ नाय, नऊ देऊ का?" नऊ नंबर घालून, पुढे कापूस भरून, "चामडं आहे साहेब, पायाला बसेल" म्हणणारे कलाकार तिथे मी पाहिलेत.

या "आठ नाय" मध्ये सगळा धंदा आहे. साडीचं एक डिझाइन ठेवायचं तर एक साडी ठेवली तरी चालते. बुटाचं तसं नाही. पुरुषांचा सहा ते दहा नंबरचा सेट, सात-आठ जास्त खपतात म्हणून दोन-दोन, म्हणजे एका रंगाचे सात जोड. दोन रंग धरले तर चौदा. सात-आठ उडतात, सहा आणि दहा वर्षभर माळ्यावर पडून राहतात. कट साईज म्हणतात त्याला. त्यात पैसा अडकतो आणि शेवटी तो माल निम्म्या भावात काढावा लागतो. म्हणून चपलांच्या दुकानात काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, हे ठरवणं जास्त अवघड. पाटी वेगळी केली की ते आपोआप ठरतं. मेट्रोत लग्नाचे, ऑफिसचे, बाबांच्या सँडलचे सेट पूर्ण ठेवा. मोचीत कॉलेज आणि पहिल्या नोकरीवाल्यांचे. क्रॉक्सच्या दुकानात फक्त क्रॉक्स. सगळं एकाच छताखाली कोंबलं तर प्रत्येक डिझाइनचा सेट अर्धवट राहील आणि दर तिसरं गिऱ्हाईक "नऊ देऊ का" ऐकून गोखले रोडवरच्या पुढच्या दुकानात शिरेल.

दुकानं जवळजवळ काढण्यामागेही हेच आहे. आपल्याकडे नंबर संपला तर शेजारच्या शाखेतून पोऱ्या पाठवून जोड आणता येतो. शिवाय मॉलवाल्याशी बोलताना एक गाळा मागणारा आणि तीन-चार गाळे घेणारा यांत फरक पडतोच. मॉलमध्ये बहुधा ठरावीक भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, जे जास्त असेल ते द्यावं लागतं. तिथे मंद खपाची एक भिंतसुद्धा महागात पडते.

कंपनी १९५५ मध्ये मुंबईत एका दुकानापासून सुरू झाली. स्वतःचा कारखाना नाही, माल बाहेरून बनवून घेतात. डिसेंबर २०२१ मध्ये ५०० रुपयांना शेअर बाजारात आणला, राकेश झुनझुनवालांसारख्या बड्या गुंतवणूकदाराचा पैसा आधीपासून होता, तरी पहिल्या दिवशी भाव खालीच उघडला. त्या वेळी दुकानं सहाशेच्या घरात होती आणि जमा पैशांतून २६० नवी काढायचं कागदोपत्री सांगितलं होतं. आज आकडा ९०० च्या पुढे गेलाय. सेल तिथेही लागतो, पण बाराही महिने लाल कागद चिकटवून बसत नाहीत. माझ्या मते यांचं खरं कौशल्य तेच.

मग अडतं कुठे? स्वस्त पाटीवर. वॉकवे २००९ पासून आहे, पण मेट्रो-मोचीच्या मानाने लहानच राहिली. का, ते कळायला फार हुशारी लागत नाही. ७०० रुपयांच्या जोडाला सेट तेवढाच मोठा लागतो, सेल्समन तेवढाच वेळ देतो, लाईटबिल तेवढंच येतं. उरतं कमी. समोर रस्त्यावरचा ठेला, कपड्यांच्या दुकानातला चपलांचा कोपरा आणि मोबाइलवरची सूट. स्टेशन रोडवर ज्याला भाडं नाही, त्याच्याशी भाडं भरून स्पर्धा कशी करणार?

बाटाने उलटं केलं. शाळेचे काळे बूट, आजोबांचे सँडल, ९९ वर संपणाऱ्या किमती, सगळं एकाच लाल पाटीखाली. हश पपीजसारखा एखादा महागडा ब्रँड वेगळा मिरवला. जूनमध्ये अख्खं ठाणं तिथे जायचं. पण ज्या पाटीकडे लोक शाळेच्या बुटांसाठी पाहतात, तिच्याकडून पाच हजारांचा बूट घ्यायला तेच लोक कचरतात. मेट्रोने हे दुखणं लावून घेतलं नाही, हे बरं केलं.

पाट्या वाढवतानाही सगळं सोनं झालं असं नाही. २०२२ मध्ये क्रॅव्हेटेक्स ब्रँड्स घेतली, तिच्याबरोबर फिला या स्पोर्ट्स शूजच्या ब्रँडचा भारतातला धंदा आला आणि जुन्या मालाचा ढीगही. तो साफ करण्यातच बराच काळ गेला. पुढे फूट लॉकर ही स्नीकरच्या दुकानांची अमेरिकन साखळी आणली. स्नीकरचा नाद असलेल्या पोरांसाठी ते ठीक, पण घाई करू नये. जे बूट जगभर मिळतात, त्यात तुमची निवड कमी आणि भाडं जास्त.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झाला, त्यावर १८. आधी हजाराच्या वर गेलं की १८ होता. म्हणजे हजार ते अडीच हजार या पट्ट्यात एकदम तेरा टक्क्यांचा फरक. हा पट्टा मोचीच्या कामाचा, आणि नीट चालवली तर वॉकवेच्याही.

मला विचाराल तर घोडबंदर रोडला आधी मोची काढावी. तिथे ईएमआय भरून उरलेल्या पैशांत बरं दिसायची हौस असलेली जोडपी राहतात. वॉकवे मॉलमध्ये नकोच. ती कळवा, दिवा, बदलापूर अशी, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, भाडं कमी तिथे. जूनमध्ये घरातले चौघे एकदम येतील, चार जोड नेतील, आणि त्यांना चहा विचारायलाही कुणी नसलं तरी चालेल. फक्त आठ नंबर असायला हवा.