तोंड धरून ओढू नका रे बाबांनो

एकदाचं सांगून टाकतो, आमच्या घोडीला चालवायला मला कुणाची मदत नको. मागितलीच नव्हती. तरी मी दोर घेऊन रस्त्यावर उतरलो की गावातले सगळे घोडेतज्ज्ञ चहाचा कप खाली ठेवून उठतात. एकजण पुढं येऊन मोहरकी, म्हणजे तोंडावर बांधलेला दोराचा पट्टा, धरतो, दुसरा शेपटामागं उभारून हॅक हॅक करतो, तिसरा कट्ट्यावर बसल्या बसल्या 'जग्ग जग्ग, ओढ की रे' म्हणून निम्मं कानडी निम्मं मराठी ओरडतो आणि चौथ्याच्या हातात कुठनं काय की काठी आलेलीच असते. ह्यातल्या एकाच्या पण दारात आजवर घोडं बांधलेलं नाही. म्हशी आहेत. ज्ञान मात्र घोड्यांचं.

आता ही घोडी शर्यतीतनं आलेली. आमच्या निपाणी-चिक्कोडी भागात जत्रा म्हटली की घोडागाडी आलीच, त्या नादात मामांनी हौसेनं कुणाकडनं तरी उचलली, स्वस्तात मिळाली म्हणून लई खूश. स्वस्तात का मिळाली ते दारात आल्यावर कळलं. गाडीला जुंपली तर पळते, खरं नुसता दोर लावून चल म्हटलं की चारी पाय रोवून उभी. नाकाच्या हाडावर केस गेलेला पट्टा आणि ओठाच्या कोपऱ्यात जुनी कडक गाठ. काटेरी लगाम लावून कुणीतरी हिसके दिलेत हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. असल्या लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या सरकारी नियमांत बंदी आहे, खरं नियम वाचतंय कोण. खूर बघून झाले, नालबंद येऊन गेला, पायात काही दुखणं नाही. घोडं पेंड खातंय ते एकाच ठिकाणी, समोर माणूस येऊन तोंडाला हात घातला की आता मार बसणार हे तिला पाठ झालंय. आणि तुम्ही रोज येऊन तोच धडा गिरवून घेता तिच्याकडनं!

अरे जरा डोकं चालवा की. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, तुम्ही सत्तर किलो, ते पण जेवल्यावर. ओढाओढीत कोण जिंकणार? त्यात घोड्याची जातच अशी की पुढं ओढलं की ते मागं जोर लावतंय, मान ताठ, डोकं आभाळात, सगळं वजन मागच्या पायांवर, मग त्या अवस्थेत पुढचं पाऊल उचलणार कसं? डोळे बाजूला असतात त्याचे, जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी कपाळासमोरचं आणि शेपटामागचं तेवढं दिसत नाही. आमची तज्ज्ञ मंडळी नेमकी त्याच दोन जागी येऊन उभारणार. वर दोर मनगटाला गुंडाळून. घोडी बिचकली तर बोटं जातील हे सांगितलं तर 'काय होत नाही रे' म्हणतात. त्यांचं होत नाही, दवाखान्यात मला न्यावं लागतंय.

चालवायचं कसं त्यात काय मोठी विद्या नाही. तिच्या डाव्या खांद्याजवळ उभारायचं, तिच्या तोंडाकडं न बघता जायचं तिकडं बघायचं, दोराला पुढच्या दिशेनं हलका ताण द्यायचा आणि तेवढाच धरून ठेवायचा. वाढवायचा नाही, हिसका नाही. तिनं नुसतं वजन पुढं कलवलं तरी त्याच क्षणी दोर ढिला. तो ढिला दोर म्हणजेच तिचं बक्षीस, गूळ नंतर. आणि अगदीच चिकटून बसली तर पुढं न्यायचा हट्ट सोडून डोकं बाजूला वळवायचं, तोल सावरायला तिला पाय उचलावाच लागतो, आणि एकदा पाय सुटला की पुढचं सोपं.

कॅनॉलच्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, हेच चाललं होतं. खालनं पाणी वाजत होतं म्हणून ती अडली, नाकपुड्या फुगलेल्या, एक कान पाण्याकडं, एक माझ्याकडं. मी ताण धरून गप उभा. बऱ्याच वेळानं खालचा ओठ सैल पडला, मान थोडी खाली आली, ओठ चाटले, आणि डावा पाय मोरीवर ठेवला, अर्धाच, टापेचं टोक तेवढं. मी दोर सोडला. तेवढ्यात मामांची मोटरसायकल.

"मामा, थांबा की ओ, ती यायला लागलीय."

"कुठं यायला लागलीय? मघापासनं बघालोय, तू नुसता खांबागत उभा हाईस. हाण की मर्दा!"

आणि हाणलीच. मागनं दोराच्या टोकानं. घोडी तिरकी होऊन शेतात, मी ओढ्यात. मामा म्हणतात, बघ, हलली की नाही!

हलली. आता मोरी लांबनं दिसली तरी थांबते. धन्यवाद.

त्यात कारखान्यांचा सीझन सुरू. उसाच्या डबल ट्रॉल्या, त्यावर स्पीकर, गाण्याचा आवाज असा की माझ्याच छातीत धडधडतंय, घोडीचं काय घेऊन बसलाय. हात वर करून आवाज कमी कर म्हटलं तर ड्रायव्हरला वाटतं मी नाचालोय, तो हॉर्न देतो.

आणि कुणी म्हणायचं नाही की घोड्याला मार लागतोच. इथनं जवळच आपली अंकली आहे, दरवर्षी शितोळे सरकारांचे अश्व तिथनं माउलींच्या पालखीसाठी आळंदीला चालत जातात, ३०० किलोमीटरच्या आसपास, वाटेत गावोगावी पाया पडायला झुंबड, आणि पुढं वारीत लाखोंच्या गर्दीत रिंगणात पळायचं. त्यातल्या माउलींच्या अश्वावर तर स्वार पण बसत नाही. ओढून, काठ्या हाणून होतंय होय हे? तिथं जाऊन टापांखालची माती कपाळाला लावता आणि गावात आल्यावर माझ्या घोडीच्या मागं काठी घेऊन उभारता.

आज तर कळसच. मामांच्या दोस्ताच्या पोराची वरात आहे आणि ह्यांनी मला न विचारता घोडी देतो म्हणून शब्द देऊन टाकलाय. बँजो, फटाके, डोक्यावर लाइटा घेतलेली माणसं, आणि ही मोरीवर पाय ठेवायला तयार नाही. दिला म्हणे शब्द! ज्यानं दिला त्यानंच नवरदेवाला खांद्यावर घेऊन जावं, मोहरकी आणि दोर दोन्ही मी कुलपात ठेवलंय आणि किल्ली माझ्या खिशात आहे.